रूम नंबर 23 मधल्या दादास

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. हॉस्टेल सुटलं तेव्हा आपल्या दोघांकडेही मोबाइल नव्हता, आणि तू वहीत लिहून दिलेला गावाकडचा लँडलाइन नंबर पुढे बंद झाला. म्हणून हे पत्र उघडच लिहितोय. 'एज ऑफ एम्पायर्स 2' हा गावं वसवून लढायचा कॉम्प्युटर गेम, 2004 चा पावसाळा, आणि जर्नलच्या पाठकोऱ्या पानावरच्या चौदा रेघा, एवढ्या खुणांवरून तू मला नक्की ओळखशील.

मी बार्शीकडचा. मराठी माध्यमातून आलेला, फर्स्ट इयरला. कॉम्प्युटर शाळेत पाहिला होता, तोही बहुतेक वेळा प्लास्टिकच्या कव्हराखाली. तुमच्या विंगमध्ये वर्गणी काढून आणलेला, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा एक स्विच होता आणि त्यातून निघालेल्या निळ्या केबल खिडक्यांच्या गजांतून खोल्याखोल्यांत गेल्या होत्या. मेसचं जेवण उरकलं की आठ जण बसायचे. कुणीतरी चॅटमध्ये 11 टाइप केलं की तो गेममधला हशा एकदम सगळ्या खोल्यांच्या स्पीकरमधून यायचा. मी पंधरा दिवस तुझ्या खुर्चीमागे उभा राहून नुसता बघत होतो आणि तुला 'सर' म्हणत होतो. सोळाव्या दिवशी तू उठलास, खुर्ची माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालास, "सर वगैरे नको. बस इथं. आज तू खेळ."

तिथून पुढचे दोन महिने मी रोज हरलो. 200 अन्न, 200 लाकूड, 100 सोनं, 200 दगड, तीन व्हिलेजर (म्हणजे राबणारे गावकरी) आणि एक घोडेस्वार टेहळ्या, साधारण एवढ्यावरच डाव सुरू व्हायचा. चाळीस मिनिटांनी बघावं तर बाकीच्यांकडे दगड फेकणारी ट्रेबुशे यंत्रं आणि चिलखती घोडदळ असायचं, आणि माझ्याकडे अर्धवट भिंत. मला वाटायचं, मला लढता येत नाही. हल्ल्याच्या वेळी माउस चालत नाही, हात गोंधळतात. त्या एका रविवारी पर्शियनांचे हत्ती माझं अख्खं गाव तुडवून गेले. त्या रात्री मी तुला म्हटलं, "हत्तींना तोड काय ते सांग."

तू तोड सांगितली नाहीस. त्या डावाचं रेकॉर्डिंग लावलंस. तुझी सबमिशन दोन दिवसांवर होती, ड्रॉइंगची शीट टेबलावर अर्धी पडलेली होती. ती गुंडाळून बाजूला ठेवलीस आणि माझ्या जर्नलचं एक पान उलटं करून पेन्सिल हातात घेतलीस.

ते रेकॉर्डिंग मागे नेता येत नसे. पुढे पळवता यायचं, थांबवता यायचं, पण एखादी गोष्ट नजरेतून सुटली की डाव पुन्हा पहिल्यापासून लावायचा. आपण तो तीनदा लावला. तू लढाई बघतच नव्हतास. तुझी नजर टाउन सेंटरवर, म्हणजे जिथे व्हिलेजर तयार होतात त्या गावाच्या मुख्य इमारतीवर (टीसीवर) होती. एक व्हिलेजर तयार व्हायला 25 सेकंद लागतात आणि 50 अन्न लागतं. टीसी रिकामं उभं राहिलं की तू मनात सेकंद मोजायचास आणि पंचविसाव्याला पानावर एक रेघ ओढायचास. पहिली रेघ दुसऱ्याच मिनिटाला पडली, कारण घर बांधलं नव्हतं आणि माणसं ठेवायला जागा नव्हती. पुढच्या तीन रेघा मेंढ्यांच्या. मी मेंढी टीसीपासून लांब मारली होती. मांस तिथंच सडत होतं आणि माझे दोन व्हिलेजर पाठीवर ओझं घेऊन नुसते ये-जा करत होते. त्यानंतरच्या पाच रेघा पडल्या तेव्हा मी टेहळ्याच्या मागे मागे नकाशाच्या टोकाला गेलो होतो आणि घराकडे माझं लक्षच नव्हतं. कासल एजमध्ये, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या टप्प्यात जाईपर्यंत पानावर चौदा रेघा झाल्या.

तू पान माझ्यापुढे सरकवलंस. "हे चौदा जण जन्मालाच आले नाहीत. हत्ती चाळिसाव्या मिनिटाला आले. तू हरलास अकराव्याला."

दादा, मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ शिकवलं, पण माझी चूक माझ्यासमोर इतक्या शांतपणे कुणी मोजून दाखवली नव्हती. तू रागावला नाहीस, हसला नाहीस. रेघा ओढल्यास आणि मग पहिल्या मिनिटापासून काय करायचं ते माझ्याकडून करून घेतलंस. रानडुकराची शिकार तर पाच वेळा करवलीस. त्याच्या अंगावर 340 अन्न असतं, पण व्हिलेजरमध्ये जीव 25 चाच. त्यामुळे एकाने बाण मारायचा, वळायचं, थेट टीसीकडे पळायचं आणि डुक्कर जवळ आलं की तिथल्या सगळ्यांनी मिळून त्याला घ्यायचं. "मारून थांबलास की मेलास. मार आणि पळ," असं म्हणत तू माझ्या माउसवरच्या हातावर हात ठेवला होतास. आधी 50 सोनं खर्चून लूम ही सुधारणा कर म्हणजे माणूस थोडा टिकतो, हेही तेव्हाच सांगितलंस.

हा खेळ मला का आवडतो ते तुझ्यामुळे कळलं. यात कुणीच अजिंक्य नाही. चिलखती नाईट तिरंदाजांना कापून काढतो. त्या नाईटला 60 अन्न आणि 75 सोनं लागतं, आणि त्याला अडवणारा भालाईत 35 अन्न आणि 25 लाकडात उभा राहतो, सोन्याचं नाणंही न घेता. भालाइताला तिरंदाज टिपतात, तिरंदाजांना हलका भाला फेकणारा स्कर्मिशर पळवतो. डाव लांबला की नकाशावरच्या सोन्याच्या खाणी संपतात आणि मग श्रीमंत सैन्याचा तोरा उतरतो. शेतं आणि लाकूड ज्याने नीट सांभाळलं, तो शेवटी उभा राहतो. उंचावरून मारलेला घाव सव्वापट लागतो आणि खालून वर मारलेला पाऊणपट, हे तू सांगितलंस तेव्हा मला आमच्या अंगणातला दिवाळीचा किल्ला आठवला. लहानपणी मावळे आम्ही नेहमी वरच्या बुरुजावर ठेवायचो आणि शत्रू खाली. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. इथे त्याचं गणित मिळालं.

या खेळाने चिडवलंही तितकंच, आणि तुझ्या चिडण्याबद्दलही मला तुझे आभार मानायचे आहेत, कारण खेळावर जीव लावून त्याची खोट मोकळेपणी सांगता येते हे मी तुझ्याकडून शिकलो. एका वेळी 40 च माणसं निवडता यायची. त्या चाळिसांना अरुंद फटीतून पलीकडे पाठवलं की अर्धे तिथे अडकायचे, काही भलत्याच वाटेने वळसा घालायचे, आणि रांग पुन्हा जुळवण्याच्या नादात पुढचे घोडे मागे फिरायचे. तेवढ्यात वरून बाण. जिंकत आलेले किती डाव त्या फटींनी घालवले! मँगोनेल ही दगडफेकी गाडी डागली की दगड आपल्याच माणसांवर पडायचा. मला अजूनही वाटतं की हे बरोबरच आहे, दगडाला आपला-परका कळत नाही. तुला ते कधी पटलं नाही. शेतांचं मात्र दोघांचं एकमत होतं. 60 लाकडाचं शेत थोड्या वेळाने नापीक व्हायचं आणि शेतकरी तिथेच हात बांधून उभा राहायचा. 2000 च्या 'काँकरर्स' विस्तारात गिरणीवर पेरण्या आधीच लावून ठेवायची सोय आली, तरी ऐन लढाईत त्या संपायच्याच.

सगळ्यात वाईट म्हणजे पडद्यावर येणारा तो 'आउट ऑफ सिंक'चा संदेश. दोन-दोन तास चाललेला डाव त्या एका ओळीने संपायचा आणि सगळ्या विंगमधून एकच आरडाओरडा व्हायचा. एकदा मी वैतागून विचारलं, असं का होतं? तू जिन्यात बसून समजावलंस. आठ कॉम्प्युटर एकमेकांना सैन्य पाठवत नाहीत, फक्त हुकूम पाठवतात. कुणी कुठे क्लिक केलं, तेवढंच. पुढचं सगळं युद्ध प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःच्या स्वतः चालवतो, आणि आठही ठिकाणी ते तंतोतंत सारखंच घडलं पाहिजे. एका ठिकाणी एक बाण वेगळा लागला तरी आठांचं जग फुटतं. फोनच्या तारेवरच्या 28.8 केबीपीएसच्या संथ मॉडेमवरसुद्धा शेकडो सैनिकांचा डाव चालावा म्हणून केलेली ही युक्ती. रेकॉर्डिंगची फाइल एवढीशी का, आणि ती मागे का नेता येत नाही, याचंही उत्तर त्यातच होतं. त्यात चित्र नसतंच, हुकूम असतात आणि कॉम्प्युटर तो डाव नव्याने खेळून दाखवतो. त्या जिन्यात मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला समजू शकतं. आज मी सर्व्हर आणि नेटवर्कच सांभाळतो. दोन मशीनमधला डेटा जुळेनासा झाला की अजूनही तो जिना आठवतो.

आणि बार्बारोसा. इंग्रजी निवेदन मला कळायचं नाही, म्हणून मी गेममधल्या इतिहासावरच्या मोहिमा सोडून द्यायचो. तू जोन ऑफ आर्कची मोहीम माझ्याशेजारी बसून मराठीत सांगत खेळवलीस आणि मग सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या मोहिमेवर मला एकट्याला सोडलंस. शेवटच्या भागात सम्राट मेलेला असतो आणि त्याचा देह पिंपात घालून आपल्याला जेरुसलेमपर्यंत न्यायचा असतो. मला वाटलं, हे गेमवाल्यांनी रचलेलं. तू म्हणालास, "लायब्ररीत जा आणि बघ." गेलो. शब्दकोश शेजारी ठेवून जाडजूड ज्ञानकोश उघडला. 1190 मध्ये तिसऱ्या क्रुसेडवर (धर्मयुद्धावर) जाताना तो सालेफ नदीत बुडाला होता, आणि त्याच्या माणसांनी देह टिकवून पुढे न्यायचा प्रयत्न खरोखर केला होता. तो जेरुसलेमला पोचला मात्र नाही. वाटेत अँटिओकला त्याचं मांस पुरावं लागलं. खेळाने खरं किती घेतलं आणि कुठे बदललं हे मी स्वतः शोधून काढलं, तेही इंग्रजीतून. त्या संध्याकाळी तुझ्या खोलीचं दार वाजवून ते सांगताना मला जो आनंद झाला होता, तो डाव जिंकल्यावरही कधी झाला नाही.

खेळ बनवणारा तो एन्सेंबल स्टुडिओ 2009 मध्ये बंद झाला. खेळ मात्र चालूच राहिला, तेही बरंचसं चाहत्यांच्या बळावर. त्यांनी स्वतःहून केलेला एक विस्तार 2013 मध्ये अधिकृत झाला, आणि 2019 ला नवी 'डेफिनिटिव्ह एडिशन' आली. माझी लेक अकरा वर्षांची आहे, ती आता हीच खेळते. शेतं आपोआप पेरली जातात, दादा! निवड 60 जणांपर्यंत जाते. फटीत अडकणं अजून पुरतं गेलेलं नाही, आणि ती चिडली की मला तू दिसतोस.

आपल्या वेळच्या मूळ 13 संस्कृतींत भारत नव्हता. हत्ती तेवढा होता, तोही पर्शियनांकडे. तुला ते फार खुपायचं. 2013 मध्ये 'इंडियन्स' आले, पण अख्खा देश एका नावाखाली. 2022 मध्ये त्यांचे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार भाग झाले. लेकीने राजेंद्र चोळाची मोहीम खेळून पूर्ण केली आणि जहाजं घेऊन आग्नेय आशियातल्या श्रीविजय राज्यावर गेली. पण देवगिरीच्या यादवांना त्यांची स्वतःची संस्कृती मिळालेली नाही. कातळ तासून केलेला तो किल्ला आणि खालचा खंदक मी तिला प्रत्यक्ष नेऊन दाखवला. अंधारी मार्गात तिने माझा हात घट्ट धरला होता. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, हा गेममध्ये का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. असायला हवा, एवढंच म्हणालो. तुझंही हेच म्हणणं असणार.

मागच्या महिन्यात ती रडवेली होऊन आली. कॉम्प्युटरच्या सैन्याने तिचं गाव जाळलं होतं, आणि तिला नाईटवरचा उपाय हवा होता. आता रेकॉर्डिंग मागेही नेता येतं, पण मी नेलं नाही. तिच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान उघडलं, पेन्सिल घेतली आणि पहिल्या मिनिटापासून दोघं बघत बसलो. नऊ रेघा झाल्या. तिने त्या मोजल्या, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

तिला तुझं नाव सांगितलं. तुझ्या त्या अर्ध्या राहिलेल्या शीटबद्दलही सांगितलं. ती तू रात्रभर जागून पुरी केली होतीस हे मला दुसऱ्या दिवशी तुझ्या रूममेटकडून कळलं होतं, आणि तेव्हा मला साधं 'थँक्यू' म्हणायचंही सुचलं नव्हतं. आज म्हणतोय. मनापासून आभार, दादा.

जर्नलचं ते पान माझ्याकडे आहे. हे वाचलंस तर एक ओळ लिही. रात्री दहानंतर आम्ही दोघं ऑनलाइन असतो. निळा रंग तुझा असायचा, तो लेकीने तुझ्यासाठी सोडलाय.

तुझा,
फर्स्ट इयरचा बार्शीकर