वीस मिनिटं आधी दारं उघडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरचा लेख वाचला. आपल्या दैनिकाने निवडणूक आणि आंब्याचा भाव सोडून दुसऱ्या कशाला पाऊण पान दिलं, याचं कौतुकच आहे. पण सिनेमाची सगळी मोहिनी ‘संगणकाची करामत’ म्हणून निकालात काढायची आणि जाता जाता ‘तिसऱ्या भागाचा शेवट फार लांबला, आजच्या प्रेक्षकाला एवढा धीर नाही’ असा शेरा मारायचा, हे काही पटलं नाही.

संगणकाचं आधी उरकतो. लढाईतली हजारोंची गर्दी संगणकाची आणि अंगठीला हपापलेल्या गॉलम या पात्राचं कातडंही संगणकाचं, अमान्य कोण करतंय? पण मिनास तिरिथ हे पांढरं शहर म्हणजे १:७२ प्रमाणात बांधलेलं मॉडेल आहे. कित्येक चिलखतांच्या कड्या म्हणजे प्लास्टिकच्या नळीच्या चकत्या, माणसांनी बसून एकेक ओवलेल्या, वरून धातूचा मुलामा. उंच जादूगार गॅन्डाल्फ आणि कथेचा बुटका नायक फ्रोडो एकाच गाडीवर शेजारी बसलेले दिसतात, तिथे फ्रोडोची बैठक प्रत्यक्षात कॅमेऱ्यापासून बरीच मागे आहे. जवळचा आणि लांबचा दोघेही स्पष्ट यायचे तर लेन्सचं छिद्र बारीक करावं लागतं. ते बारीक केलं की उजेड कमी पडतो, म्हणून दिवे वाढवायचे. शिवाय नटांनी एकमेकांकडे बघायचंच नाही, समोरच्याचे डोळे जिथे भासायला हवेत तिथे बघायचं. नजर जरा चुकली की सोंग उघडं पडतं. त्यात कॅमेरा हलला तर सगळंच कोसळतं, म्हणून दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या मंडळींनी सेटचा एक भागच कॅमेऱ्याच्या चालीबरोबर सरकवत नेला. आपल्या लेखकाला हे ‘करामत’ वाटत असेल तर वाटो, पण ती सुतारकामाची आहे.

आता शेवट. पर्वत फुटतो, जी नष्ट करायला फ्रोडो निघालेला असतो ती अंगठी वितळते, दोघे मित्र खडकावर पडलेले आणि पडदा काळा होतो. तिथून पुढे जवळजवळ २० मिनिटं सिनेमा आहे. जिल्ह्यातल्या एका थिएटरात, नाव घेत नाही, तो पुन्हा लागला तेव्हा त्या काळ्या पडद्यालाच ‘संपला’ समजून दिवे लावण्यात आले आणि बाजूची दारं सताड उघडली. दुपारचा खेळ, ऊन थेट पडद्यावर. निम्मे लोक चपला शोधत उठले. उरलेल्यांनी आरडाओरडा केला तेव्हा दारं लोटली, दिवे मात्र तसेच.

त्या २० मिनिटांत काय आहे? त्याआधी ऐन कड्यावर फ्रोडोला अंगठी टाकवत नाही, तो ती स्वतःच्या बोटात घालतो. ती नष्ट होते ती गॉलमच्या हावेमुळे. त्या २० मिनिटांत असा हरलेला नायक घरी परततो, त्याची जखम भरत नाही, आणि शेवटी तो जहाजात बसून कायमचा निघून जातो. हे गाळलं तर उरते मारामारी. तसले सिनेमे दर शुक्रवारी लागतात. आणि धीर नाही म्हणे! ज्या जिल्ह्यात धयकाल्याला, म्हणजे जत्रेच्या रात्री, लोक दशावतार पहाटेपर्यंत बघतात, तिथे तिसऱ्या भागाची २०१ मिनिटं जड होणार?

उलट शेवट कमीच पडलाय. टॉल्किनच्या मूळ कादंबरीत परतलेल्या चौघांना, फ्रोडो आणि त्याच्या सोबत्यांना, गाव ओळखू येत नाही: झाडं तोडलेली, नवी गिरणी धूर ओकतेय, भलतेच लोक हुकूम सोडताहेत. सिनेमाने ते प्रकरण गाळलं, तिथे गाव जसंच्या तसं. २००४ साली या तिसऱ्या भागाला ११ नामांकनांवर ११ ऑस्कर मिळाली, त्यात रूपांतरित पटकथेचंही, तरी ही वजाबाकी खटकतेच. मे महिन्यात गावी उतरणाऱ्या चाकरमान्याला ते प्रकरण समजावून सांगावं लागलं नसतं.

थिएटरवाल्यांना, फुकटात: डिजिटल खेळात दिव्यांचा क्यू, म्हणजे दिवे आपोआप लागण्याची खूण, मिनिट-सेकंद घालून लावता येतो. सकाळी एकदा सिनेमा चालवून श्रेयनामावली कुठे सुरू होते ते टिपा आणि क्यू तिथे टाका. मध्यंतरही मिनिटं मोजून बरोबर मध्यावर तोडू नका, प्रसंग संपू द्या. थ्रीडीची पोलरायझर काच लेन्ससमोरून बाजूला केली नाही तर साध्या सिनेमाचा निम्म्याहून अधिक उजेड ती गिळते. पडद्यावरच्या उजेडाचं मानक १४ फूट-लॅम्बर्टचं (उजेड मोजायचं एकक) आहे, आणि हा सिनेमा अर्धाअधिक रात्रीतला. प्रोजेक्शन खोलीच्या खिडकीवर खाऱ्या हवेचा थर बसतो, ती काच पुसा. थिएटरच्या ध्वनियंत्रावर आवाजाचा प्रमाण आकडा ७. जाहिराती मोठ्या वाटतात म्हणून तो ५ वर आणून ठेवला की साधारण साडेसहा डेसिबल गेले, मग गॅन्डाल्फ कुजबुजला काय आणि गप्प बसला काय, सारखंच.

छायाचित्राखाली ‘तीन कादंबऱ्यांवर आधारित’ छापलंय. कादंबरी एकच. प्रकाशकाने १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत काढली.

आणि तालुक्यातल्या खेळांच्या वेळा छापणं आपण बंद केलंत, ते पुन्हा सुरू करा. वेळेसोबत सिनेमाची लांबीही द्या. सहाच्या खेळाला बसलेला माणूस जाहिराती आणि मध्यंतर धरून साडेनऊनंतर सुटतो, तोवर त्याच्या गावची वस्तीची एसटी गेलेली असते.

आपला,
एक वाचक, कुडाळ