जखम भरल्यावर उरलेलं दुखणं: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यात फिजिओथेरपी करते. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परतल्या की त्यांतले काही जण कोयत्याने कापलेला हात घेऊन येतात. टाके निघालेले, जखम कोरडी. पण सदऱ्याची बाही घासली तरी आग होते, मधूनच करंट बसतो, आणि त्याच जागी टाचणी टोचली तर कळतही नाही. एक्स-रे नॉर्मल. मग मुकादम म्हणतो नाटक करतोय, घरचे म्हणतात मनाचे खेळ, आणि दुखणं थांबावं म्हणून माणूस डायक्लोफेनॅकची सुई घेत फिरतो.

नाटक नाही हे. कापलेली नस, म्हणजे संवेदना नेणारा मज्जातंतू, पुन्हा वाढताना टोकाशी गाठ होऊ शकते, आणि ती कोणी हात न लावताही संदेश सोडत राहते. हे महिनोन्महिने चाललं की मज्जारज्जूही हळवा होतो. मग साधा स्पर्शही वेदना होऊनच पोचतो. डायक्लोफेनॅक सुजेवरचं औषध. इथे त्याचा फारसा उपयोग नाही, जठराला आणि मूत्रपिंडाला धोका मात्र आहे.

यावर औषध आहे, स्वस्तही आहे. रात्री ऍमिट्रिप्टिलिन, मूळचं नैराश्यावरचं पण नसेच्या दुखण्यावरही चालणारं, 10 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत. नाहीतर गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन. सगळ्यांना गुण येत नाही. पण दुखणं निम्म्यावर आलं तरी माणूस झोपतो. घोडं अडतं ते दुसरीकडेच: गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी राहते, त्यात मेडिकलवाला सांगतो, ‘ही तर डिप्रेशनची गोळी!’ झाली गोळी बंद. मी यात पेशंटला दोष देणार नाही. त्याला बसवून कोणी समजावलेलंच नसतं.

नवी इमारत मागत नाही, उद्घाटनं भरपूर होतात. डीएन-4 नावाची प्रश्नावली आहे: सात प्रश्न, तीन साध्या तपासण्या, दहापैकी चार गुण आले की नसेचं दुखणं धरून चालायचं. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवा. ऍमिट्रिप्टिलिन तिथे बारमाही ठेवा. घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत वेदनेच्या ओपीडीचा वार ठरवा आणि तो तांड्यावस्त्यांपर्यंत कळवा.

आणि तपासणी एप्रिल-मेमध्येच घ्या. दिवाळीनंतर हा माणूस गावात सापडत नाही.

आपली,
बीड जिल्ह्यातील एक फिजिओथेरपिस्ट