तारांबद्दल, पुन्हा एकदा

पुणे,
संक्रांतीनंतरचा गुरुवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी आपटला, चूक माझीच. तू ऑस्ट्रेलियातल्या त्या मोरी गावात विमानातून शेतावर फवारणी करायची नोकरी लागल्याचं सांगत होतीस (नाव ऐकून आई केवढी हसली!) आणि मी मध्येच विचारलं, "तिथे विजेच्या तारा किती आहेत?" तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते.

या पत्रात तारांचं नाव काढणार नव्हतो. पण बत्तीस वर्षं लाइनमन म्हणून खांबावर काढली, मला दुसरं येतं काय? कापसावर तीन मीटरवरून फवारायचं, विमानाच्या पोटात १,९०० लिटर औषध, वेग ताशी दोनशेच्या वर. मी हिशोब केला. आपल्याकडे एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढं तू एका सेकंदात जाणार.

तिकडे शेतावर म्हणे एकच तार असते, परतीचा रस्ता जमिनीतून. म्हणून खांबही लांब लांब. तार शोधू नकोस, ती दिसत नाही. खांब शोध. खांबाला स्टे, म्हणजे ताण धरणारी तिरकी तार, दिसला की समज, लाइन तिथे वळली किंवा संपली. आणि उन्हात तार तापली की झोळ वाढतो. सकाळी जिथे होती तिथे दुपारी नसते.

हे सगळं तुला शिकवलेलं असणार. राहू दे, चुकलो. पण तिकडच्या अहवालात तूच दाखवलं होतंस ना, तारेला धडकलेल्या फवारणी वैमानिकांपैकी ६३ टक्क्यांना ती तार आधीच माहीत होती? बबनकाकांचं काय झालं? ती लाइन त्यांनीच ओढली होती.

हडपसरला ग्लायडर बघायला तुला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचो. घरी निघायचं म्हटलं की तू कुंपण सोडायची नाहीस. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सोसायटीत सगळ्यांना सांगून झालंय. खालच्या कुलकर्ण्यांना दोनदा.

शेवटच्या फेरीला टाकी रिकामी असते, मन घरी पोचलेलं असतं. तेव्हा जप. तुझ्या वाटणीचा तिळगूळ आईने डब्यात ठेवलाय, मला हात लावू देत नाही.

तुझे,
बाबा

ता. क. ज्या शेतांवर जाणार त्यांचे नकाशे पाठव. खांब कुठे आहेत ते मी बघून ठेवतो.