उपचार घेणाऱ्या बायकांना एकमेकींना भेटू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबरमध्ये आपल्या महिला पुरवणीत स्तनाच्या कर्करोगावर दोन पानं होती. गाठ कशी ओळखावी, तपासणी कधी करावी, धोका कुणाला जास्त, हे सगळं त्यात नीट आलं होतं. त्याबद्दल आभार. पण गाठ सापडल्यानंतरचं जे वर्ष-दीड वर्ष जातं, त्याबद्दल एक ओळही नव्हती. मी त्यातून गेले आहे. वय ५२, सोलापुरात घरीच ब्लाऊज शिवते. माझी मागणी एकच आहे. जिथे जिथे केमो, म्हणजे कर्करोगाची शिरेतून चढवायची औषधं, दिली जाते, तिथे या आजारातून गेलेल्या बायकांना उपचार घेणाऱ्या बायकांपाशी बसायला परवानगी आणि जागा मिळाली पाहिजे.

हे का म्हणते, ते सांगते. मी ज्या रुग्णालयात जात होते तिथले डॉक्टर चांगले होते, सिस्टरही मायाळू. पण सकाळपासून सगळ्या खुर्च्या भरलेल्या, बाहेर बाकावर तितक्याच जणी थांबलेल्या. सिस्टर कुणाकुणापाशी बसणार? सुरुवातीच्या केमोत लाल रंगाचं औषध चढतं आणि नंतर लघवी लालसर होते. हे मला शेजारच्या खुर्चीतल्या अक्कलकोटकडच्या बाईने सांगितलं, म्हणून मी रात्री घाबरून रिक्षा बोलावली नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती रात्रभर रडत बसली होती. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जायला लागतात, तर आधीच बारीक कापून घे, हे तिनेच सांगितलं. तोंड येईल तेव्हा मीठ-सोड्याच्या गुळण्या कर, शेंगाचटणीचं नाव काढू नको, भाकरी दुधात भिजवून खा, हेही तिनेच. त्या दिवशी मला दुसरी खुर्ची मिळाली असती तर यातलं काही मला कळलं नसतं. इतकी महत्त्वाची गोष्ट नशिबावर सोडलेली आहे, हे मला अजून पटत नाही.

पुढे आम्ही सात-आठ जणी एकमेकींना धरून राहिलो. आतल्या हॉलमध्ये घोळका केला की वॉचमन उठवायचा, म्हणून पार्किंगजवळच्या लिंबाखाली बसायचो. कुणी तेलुगू बोलणारी, कुणी कन्नड, दोघी मुसलमान घरच्या. बहुतेक सगळ्या पंचेचाळीस ते पंचावन्नच्या. या वयाचं एक वेगळं ओझं असतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. मुलगा बारावीला, नाहीतर मुलीसाठी स्थळं बघणं चालू. सासू अंथरुणाला खिळलेली. घरातली सगळी कामं जिच्या हातावर चालतात, तीच आडवी पडते आणि पडल्या पडल्या तिला अपराधी वाटत राहतं. त्यात केमोमुळे पाळी एकाएकी थांबते. अंगातून वाफा निघतात, मध्यरात्री गाऊन घामाने भिजतो. नवऱ्याला हे कसं सांगायचं? लिंबाखाली मात्र एकीने विषय काढला आणि प्रत्येकीकडे सांगायला होतं.

बांगड्यांची गोष्ट सांगते. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजण्याची भीती कायम राहते. त्या हाताला कापू नये, भाजू नये, त्यावर सुई टोचून घेऊ नये, घट्ट काही घालू नये, असं आम्हाला सांगितलं होतं. आता बांगड्या घट्ट बसत असतील तर काढायच्या, पण नवरा जिवंत असताना हात मोकळा कसा ठेवायचा, म्हणून एक बाई महिनाभर त्या रुतलेल्या बांगड्या घालूनच वावरत होती. डॉक्टरांना ती हे बोलली नाही आणि त्यांनाही ते सुचलं नसेल. आमच्यातल्या एका वयस्कर मावशींनी स्वतःचा हात पुढे केला. दोन्ही हातांतल्या बांगड्या त्यांनी एकाच हातात घातल्या होत्या. म्हणाल्या, "देवाला मोजता येतं, कुठल्याही हातात घाल." तिने तिथेच साबण लावून बांगड्या उतरवल्या.

विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, येणारी एक जण होती. ती मला अक्का म्हणायची. दर आठवड्याला चढणारं दुसरं औषध सुरू झालं, तशी तिची बोटं बधिर व्हायला लागली. तिच्या घरात हजार विड्यांमागे मजुरी मिळते, आणि तिला पान धरलेलं कळेना, दोरा हातातून सुटायला लागला. डॉक्टरांना सांगितलं तर केमो बंद करतील, या भीतीने ती गप्प राहिली. आम्ही तिला हाताला धरून आत नेलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, औषधाचं प्रमाण कमी केलं आणि असं काही झालं तर पहिल्याच दिवशी सांगायचं, म्हणून बजावलं. शेजारच्या बाईचा खरा उपयोग मला इथे दिसतो. लपवलेलं ती ओळखते, कारण तिनेही ते कधीतरी लपवलेलं असतं.

माझ्या हातात शिवण आहे, म्हणून माझ्या वाट्याला ते काम आलं. एक स्तन काढलेली बाई नेहमीचा कटोरी ब्लाऊज घालते तेव्हा एक बाजू रिकामी पडते आणि ब्लाऊज त्या बाजूला ओढला जातो. पदर कितीही सारखा केला तरी तिचं लक्ष तिथेच. ती बाजू भरायला दुकानात सिलिकॉनचं पॅड मिळतं, ते सगळ्यांना परवडत नाही. आम्ही सुती दोऱ्याने विणलेलं बनवतो, किंवा मऊ कापडाच्या पिशवीत मोहरी भरून तेवढ्याच वजनाचं. वजन हवंच, नाहीतर खांदा एका बाजूला झुकायला लागतो. ब्लाऊजला त्या बाजूच्या कटोरीत सुती अस्तराचा कप्पा लावते, तोंड काखेच्या बाजूने, म्हणजे पदरात हात घालून नीट करता येतं. हुक नेहमी पुढून, कारण हात मागे जात नाही. मुंढा सैल आणि बाहीला भरपूर माया सोडते. सूज वाढली तर टीप उसवून बाही सैल करता येते, नवा ब्लाऊज शिवावा लागत नाही. माप घेताना मी दार लावून घेते. टेप लावल्यावर बऱ्याच जणी पहिल्यांदा आरशात बघतात. मी घाई करत नाही.

पैशाचं आणि कागदांचंही असंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण रेशनकार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं असलं की बाई आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलापाशी अडते. जिचं असं अडलं होतं, ती दुसरीला सोबत घेऊन जाते. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना रेल्वेत सवलत असते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाचं स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. हे ठाऊक नसल्यामुळे आमच्यातली एक पूर्ण तिकीट काढून सिद्धेश्वर एक्सप्रेसने जात होती. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण आणि नातेवाईक राहू शकतात, हेही तिला दुसऱ्या बाईकडूनच कळलं.

बायका एकत्र आल्या की चुकीचे सल्लेही पसरतात, असं डॉक्टर म्हणतात. ते खरं आहे. कुणाचा मामा काढा देतो, कुणाच्या गावात बाबा आहे. म्हणून आम्ही ठरवून घेतलं होतं की औषध, काढा, पथ्य आणि डॉक्टर बदलणं यावर गटात सल्ला द्यायचा नाही. आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर कुणालाही फोन करत बसायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तेव्हा साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. प्रशिक्षण द्या, नियम लिहून द्या, महिन्यातून एकदा सिस्टरला येऊन बसू द्या. त्यासाठी भेटणंच बंद करायचं कारण नाही.

आमच्यातली एक गेली. आजार हाडात उतरला होता. शेवटी ती भेटायला यायचं टाळायला लागली. म्हणाली, "तुम्ही बऱ्या होणाऱ्या, मी तुमच्यात कशाला?" हे मला फार लागलं. वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाले आम्हाला योद्ध्या म्हणतात, जिंकली म्हणतात. मग जी गेली ती काय कमी लढली? ती तर आमच्यातली सगळ्यात चिवट होती. आम्ही तिच्या घरी जाऊ लागलो. आजाराचं बोलायचो नाही. तिला भिशीचा हिशोब आवडायचा, म्हणून तो तिच्यापाशी बसून करायचो. संपादक महोदय, आपल्या पुरवणीत कृपया हा जिंकण्याचा शब्द वापरू नका. ज्यांचा आजार परत आला आहे त्याही आपलं वर्तमानपत्र वाचतात.

मी मागते आहे ते नवं नाही. अमेरिकेत टेरेस लॅसर नावाच्या बाईचं १९५२ मध्ये स्तनाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ती दुसऱ्या बायकांना रुग्णालयात जाऊन भेटायला लागली, हाताचे व्यायाम दाखवायला लागली. आधी अनेक डॉक्टरांना ते रुचलं नाही, पण १९६९ मध्ये तिथल्या कॅन्सर सोसायटीने ते काम आपल्यात घेतलं. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतःच्या आजारानंतर १९९४ मध्ये व्ही केअर ही कर्करोगाच्या रुग्णांना मदत करणारी संस्था काढली. मग हे जिल्ह्याच्या गावी का होऊ नये? आमच्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे कर्करोग कुणाला झाला याची नोंद ठेवणं, सुरू झाली, तीही गावोगाव जाऊन लोकांशी बोलून.

आणि साध्या बायकांना हे काम जमेल का, असं कुणाला वाटत असेल तर टाटा रुग्णालयाच्या अभ्यासाकडे बघावं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाख बायकांवर तो चालला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, त्यात पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तपासणीचं अवघड काम ज्यांना शिकवता येतं, त्यांना शेजारी बसून चार गोष्टी सांगणं शिकवता येणार नाही का? देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाल्याचा अंदाज आहे. एवढ्या जणींना पुरतील इतके समुपदेशक कुठून आणणार?

म्हणून सांगते, मोठा खर्च नको. केमोच्या दिवशी दोन तास एक खोली, आणि खोली नसेल तर पंख्याखाली दोन बाकं. उपचार संपवून वर्ष झालेल्या दोन-तीन जणी, ज्यांच्याशी डॉक्टर आधी बोललेले आहेत. गळ्यात ओळखपत्र, म्हणजे वॉचमन उठवणार नाही. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी एक एक हवीच. नव्या बाईला पहिल्या केमोच्या आधी विचारायचं, भेटायचं आहे का? नाही म्हणाली तर तो विषय तिथेच संपवायचा, कारण काही जणींना एकटंच राहायचं असतं आणि तेही बरोबर आहे. हे करायला एखादं रुग्णालय तयार असेल तर आम्ही चौघी उद्यापासून यायला तयार आहोत. माझं नाव छापू नये ही विनंती, कारण त्यावरून बाकीच्या ओळखल्या जातील. पत्ता आपल्याकडे दिलेला आहे.

शिवणकाम करणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट जोडते, जागा असेल तर छापा. ऑपरेशननंतर बाई घरी येते तेव्हा जखमेतलं पाणी काढणारी, काखेतून निघालेली नळी आणि तिचा डबा आठ-पंधरा दिवस सोबत असतो. बहुतेक जणी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातात धरून फिरतात. जुन्या सुती साडीची आठ इंच लांब, सात इंच रुंद पिशवी शिवा, खाली दोन इंचांचा तळ द्या, म्हणजे डबा उभा राहतो. पट्टा एक इंच रुंद ठेवा आणि ऑपरेशन न झालेल्या खांद्यावरून तिरका येईल इतका लांब. डबा जखमेच्या खाली, कमरेशी राहिला पाहिजे. त्यातलं पाणी रोज मोजून वहीत लिहायचं असतं, म्हणून पिशवीला चेन लावू नका, तोंड उघडंच ठेवा.

आपली,
ब्लाऊज शिवणारी एक वाचक, सोलापूर