नानांचे जाहीर आभार

आदरणीय नाना,
साष्टांग नमस्कार.

आभार मानायला लागलं की तुम्ही 'बरं बरं, ठेवतो' म्हणून फोन ठेवून देता. म्हणून इथे चारचौघांत लिहिते.

तुमच्या ओट्यावर तयारी केलेली आमची पोरगी सैन्यात अधिकारी व्हायला भोपाळहून रेकमेंड होऊन आली. मेडिकलही झालं. मेरिट लिस्ट अजून लागायची आहे आणि जागा मोजक्या, म्हणून पेढे वाटलेले नाहीत. पण तुमचे आभार मानायला त्या लिस्टची वाट कशाला बघू?

एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट असल्याने लेखी परीक्षा नाही, थेट पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढची परीक्षा, हे पत्र आलं तेव्हा घरात आनंदापेक्षा गोंधळच जास्त होता. आमच्या चोपडा तालुक्यात भरती म्हणजे पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं. सोळाशे मीटर, उंची, छाती. मानसशास्त्रीय चाचणी म्हटल्यावर माझे दीर तोंडावर बोलले, "पोरीच्या डोक्यात बिघाड आहे का, तपासायला?" तुम्ही त्यांना ओट्यावर बसवलंत, चहा दिलात आणि म्हणालात, "बिघाड नाही शोधत भाऊ, वळण बघतात."

मग तुम्ही सांगितलेलं मला अजून आठवतं. 1917 साली अमेरिकेने सैन्यभरतीत बुद्धीच्या चाचण्या लावल्या. वाचता येणाऱ्यांना 'आल्फा', न येणाऱ्यांना चित्रांची 'बीटा'. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची अडचण वेगळी होती. नुसत्या मुलाखतीत घराणं आणि शाळा बघून घेतलेले बरेच जण अधिकारी म्हणून टिकेनात. म्हणून 1942 मध्ये त्यांनी मानसतज्ज्ञ बसवून निवड मंडळं काढली, आणि 1943 मध्ये डेहराडूनला आपल्याकडे तसंच मंडळ सुरू झालं. आज त्या चाचण्यांचं काम दिल्लीला डीआरडीओची, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन खात्याची, मानसशास्त्राची संस्था बघते. माझ्यासारख्या अंगणवाडी सेविकेला यातलं एकच कळलं: एसएसबीत पोरीच्या छातीवर नंबर लावतात आणि नंबरानेच हाक मारतात. बाप कोण, जमीन किती, याला मार्क नाहीत. सगळ्यात धीर मला त्यानेच आला.

पुण्याच्या एका क्लासच्या नोट्स तिने मैत्रिणीकडून आणल्या होत्या. एका चाचणीत साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहायचं. नोट्समध्ये प्रत्येक शब्दाचं वाक्य तयारच. तुम्ही त्यातली पाच-सहा वाक्यं बातम्या वाचल्यासारखी मोठ्याने वाचलीत. धैर्य म्हणजे यश, भीती म्हणजे पराभव, असली. ऐकून पोरगीच हसायला लागली. तुम्ही म्हणालात, "बोर्डावरच्या माणसाने हेच वाक्य आज सकाळी चाळीस वह्यांत वाचलंय. तू कोन शेस, ते लिख."

चित्रावरून गोष्ट लिहायची ती चाचणी तर मी दारात बसून बघितली. तीस सेकंद चित्र, चार मिनिटं लिखाण. अशी अकरा चित्रं, आणि बारावा नुसता कोरा कागद. तुम्ही पेपरातले फोटो कापून, वर तेलाचं बोट फिरवून धूसर केले होते. पहिल्या रविवारी तिच्या सगळ्या गोष्टींत तापीला पूर, आणि नायक उडी मारून कोणाला तरी वाचवतो. तुम्ही वही मिटली. "तापीला वर्षभर पूर असतो का गं? मे महिन्यात तुमच्याकडे काय झालं होतं?"

मे महिन्यात आमची डीपी, म्हणजे शेताच्या विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. ऊन पंचेचाळीसच्या घरात, केळी उभी, पाणी बंद, आणि हे दवाखान्यात. पोरीने शेजारच्या शेतकऱ्यांकडून वर्गणी गोळा केली, वीज कार्यालयात रोज जाऊन बसली, एका साहेबाने दुसऱ्याकडे पाठवलं तरी परत गेली, शेवटी ट्रॅक्टरवर डीपी आणली. आम्हाला ते कौतुकाचं काम वाटलंच नव्हतं. घरचं काम, केलं. तुम्ही म्हणालात, "त्यांना अधिकाऱ्याच्या अंगात जे पंधरा गुण हवेत ना, त्यातले निम्मे या डीपीत आहेत. बाकीचे खोटं लिहून यायचे नाहीत." पुढच्या रविवारच्या गोष्टी मी वाचल्या. बांध, रेशन दुकान, बंद पडलेली एसटी. माणसं ओळखीची होती.

स्वतःचं वर्णन लिहायच्या चाचणीसाठी तुम्ही तिला माझ्याकडे पाठवलंत: आईला विचार, तू कशी आहेस. मी स्वयंपाक करत होते. म्हटलं, हट्टी आहेस, जेवल्यावर ताट उचलत नाहीस, पण शब्द दिला तर फिरवत नाहीस. तिने ताटासकट सगळं उतरवून घेतलं. मला वाटलं, एवढं खरं कशाला? तुम्ही सांगितलंत, तिथे तिघं वेगवेगळे तपासतात. मानसतज्ज्ञ कागदावरून मन बघतो, मुलाखतीचे साहेब बोलणं ऐकतात, मैदानावरचे जीटीओ, म्हणजे गटाची परीक्षा घेणारे अधिकारी, काम बघतात. मनसा, वाचा, कर्मणा. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला तिघं एकत्र बसतात. कागदावरची पोरगी एक आणि मैदानावरची दुसरी निघाली, की झालं.

एका गोष्टीवर मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. पंधरा सेकंदांची घाई सगळ्यांना सारखी, असं तुम्ही म्हणता. पण तिथे मराठी चालत नाही. अहिराणीत विचार करणाऱ्या पोरीला आधी मराठी, मग इंग्रजी, एवढा फेरा मारायला लागतो. तिने तो मारला, सगळ्यांना जमेल असं नाही. म्हणून तर तुमचा ओटा लागतो.

फी विचारली तर तुम्ही रागावलात. ह्यांच्या हातून केळीचा एक घड पाठवलाय. परत पाठवू नका.

अडावदकडच्या दोन पोरी विचारत आहेत. आणि अग्निवीर भरतीतही आता ॲडॅप्टॅबिलिटी टेस्ट, म्हणजे जुळवून घेता येतं का ते बघणारी चाचणी, आली आहे, त्यामुळे पळणारी पोरंही येतो म्हणतात. रविवारी चारनंतर पाठवते. वही-पेन आणायला सांगितलंय, गाइड घरी ठेवायला सांगितलंय.

तुमची,
पोरीची आई