फळी वॉटरप्रूफ आहे, पण खालच्या फरशीचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गौरी-गणपतीच्या आधी घर चकाचक करायची घाई सुरू झाली की व्हिनाइल फ्लोअरिंगच्या, म्हणजे जुन्या फरशीवरच बसवायच्या लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या फळ्यांच्या, जाहिराती पानोपानी दिसू लागतात. तोडफोड नाही, धूळ नाही, एका दिवसात लाकडी रूप, शंभर टक्के वॉटरप्रूफ. यातला कुठलाच दावा तसा खोटा नाही. फळी पाण्याने फुगत नाही आणि साधी चौकोनी खोली एका दिवसात होतेही. पण ओली, पोकळ, उंचसखल असते ती खालची फरशी आणि तिच्याबद्दल जाहिरातीत चकार शब्द नसतो. भाव चौरस फुटावर फोनवरच ठरतो, आगाऊ रक्कम दिली जाते आणि फळ्या बसवणारा माणूस ती फरशी पहिल्यांदा बघतो थेट खोकी फोडायच्या दिवशी. पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी दुकानातला एक घोळ. 'व्हिनाइल' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. सतरंजीसारखा अंथरायचा रोल, गोंदाने चिकटवायची २ ते ३ मिलिमीटरची लवचीक फळी, आणि एकीची जीभ दुसरीच्या खाचेत अडकवून बसवायची ४ ते ६ मिलिमीटरची कडक फळी, जिला बाजारात एसपीसी म्हणतात. या कडक फळीच्या गाभ्यात प्लॅस्टिकबरोबर चुनखडीची भुकटी भरपूर असते, म्हणून ती जड लागते आणि उन्हात तुलनेने कमी पसरते. (रोलला सर्रास 'लिनोलियम' म्हणतात, पण लिनोलियम जवसाच्या तेलापासून बनते. त्याचा व्हिनाइलशी काही संबंध नाही.)

जाडीत ग्राहक हमखास फसतो. '५ एमएमची फळी' म्हणून विकलेल्या मालात अनेकदा ४ मिलिमीटर फळी आणि १ मिलिमीटर पाठीला चिकटवलेला फोम असतो. फळी किती वर्षे टिकणार हे मात्र या एकूण जाडीवर ठरतच नाही. ते ठरते वरच्या पारदर्शक थरावर, ज्याला वेअर लेयर म्हणतात. तो ०.२, ०.३ किंवा ०.५ मिलिमीटरचा असतो. विक्रेता 'ट्वेंटी मिल' म्हणतो तेव्हा ते वीस मिलिमीटर नव्हे. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्यामुळे वीस मिल म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि बारा मिल म्हणजे ०.३. झोपायच्या खोलीला ०.३ पुरतो. दिवाणखान्यात, आणि चाकांची खुर्ची असलेल्या खोलीत, ०.५ घ्यावा. खोक्यावर वापराचा वर्ग छापलेला असतो. २१ ते २३ हे आकडे घरगुती वापराचे, ३१ ते ३४ व्यापारी वापराचे. नमुन्याच्या पुस्तकातला लाकडाचा रंग बघण्याआधी खोके उलटून वेअर लेयर आणि वर्ग हे दोन आकडे वाचावेत.

आता मूळ मुद्दा, खालची जमीन. अडकवायची फळी खाली चिकटलेली नसते, ती तरंगती असते. सगळ्या फळ्या मिळून एकच मोठी चटई होते आणि ती फरशीवर नुसती टेकलेली राहते. खाली खळगा असेल तर चालताना तिथली फळी दर पावलाला दबते आणि परत वर येते. चार मिलिमीटरच्या फळीतली जीभ ती काय, जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. काही महिन्यांत ती तुटते. आधी 'टक' असा आवाज येतो, मग सांध्याला केसाएवढी फट दिसते, मग त्या फटीत मळ बसून काळी रेघ उमटते. ग्राहकाला वाटते, माल खराब लागला. माल बहुधा ठीकच असतो.

तपासणी सोपी आहे. गवंड्याकडची दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर उभी, आडवी आणि तिरकी ठेवायची. पट्टीखाली कुठेही ३ मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर तिथे काम करावेच लागणार. पाठोपाठ लाकडी दांड्याने प्रत्येक फरशी ठोकून पाहायची. जुन्या इमारतींतल्या मोझॅक फरश्यांत एखादी तरी भदभद वाजते. ती उकरून पुन्हा पक्की बसवावी, नुसता वरून लेप देऊन भागत नाही, कारण फरशी हलली की लेप तडकतो. शहाबादी फरशी मुळातच ओबडधोबड, तिच्यावर सरळ फळी अंथरणे म्हणजे आठ-दहा महिन्यांनी दुरुस्तीला बोलावणे धाडणेच. व्हिट्रिफाइड टाइल्स त्यामानाने सपाट असतात, पण त्यांचे रुंद किंवा खोल सांधे भरून घ्यावेत. गोंदाने चिकटवायच्या पातळ फळीखाली तर टाइलचा प्रत्येक सांधा भरावाच लागतो, नाहीतर उन्हाची तिरीप आली की खालच्या चौकटी वर उमटलेल्या दिसतात.

सपाटीसाठी सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे पाण्यात कालवून ओतले की आपोआप सपाट पसरणारे सिमेंटी मिश्रण, वापरतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटरच्या थराला साधारण दीड ते पावणेदोन किलो कोरडी पावडर लागते. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे ११.१५ चौरस मीटर. तिथे सरासरी ३ मिलिमीटरचा थर द्यायचा तर ५० ते ५८ किलो, म्हणजे २० किलोच्या तीन पिशव्या. गुळगुळीत टाइलवर आधी प्रायमर हवाच, तो वाचवला की थर पापुद्र्यासारखा सुटतो. हा खर्च फोनवरच्या भावात कधीच नसतो. तो ऐनवेळी पुढे आला की ग्राहक म्हणतो, 'राहू द्या, वरून फोम टाका.' आणि कारागीर फोम टाकतो! पाठीला फोम असलेल्या फळीखाली दुसरा फोम घालणे हा या धंद्यातला सर्वांत नेहमीचा अपराध. गादीवर गादी झाली की जीभ आणखी वाकते आणि आणखी लवकर तुटते.

दुसरी गोष्ट ओलीची. तळमजल्यावर, आणि कोकणात तर हमखास, जमिनीतला ओलावा फरशीतून वर येतो. उघड्या फरशीतून तो वाळून जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. वर फळी अंथरली की त्याला वाट उरत नाही. फळीला काही होत नाही, पण खाली बुरशी धरते, कुबट वास येतो, आणि चिकटवलेली फळी असेल तर गोंद सुटून कोपरे वर येतात. यावर घरगुती चाचणी आहे. जाड प्लॅस्टिकचा ६० बाय ६० सेंटिमीटरचा तुकडा फरशीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तास राहू द्या. प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थेंब जमले किंवा खालची फरशी काळपट दिसली, तर ओल जमिनीतली. थेंब फक्त वरच्या अंगाला असतील तर तो पावसाळी हवेचा दमटपणा. एक तुकडा बाहेरच्या भिंतीजवळ आणि एक न्हाणीघराच्या भिंतीला लागून लावावा, कारण वरच्या मजल्यावरही न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग गेलेले असू शकते.

ही चाचणी मे महिन्यात करून उपयोग नाही, तेव्हा सगळ्याच जमिनी कोरड्या. ती आत्ता, भर श्रावणात करावी. फरशी आत्ता कोरडी निघाली तर खुशाल काम उरका. ओली निघाली तर दिवाळीनंतर कोरड्या हवेत बसवा, आणि तेव्हाही अडकवायच्या फळीखाली २०० मायक्रॉनचे पॉलिथिन, पट्ट्या एकमेकींवर २० सेंटिमीटर चढवून आणि टेप लावून. न्हाणीघराची गळती असेल तर मात्र आधी ती काढा. पॉलिथिन हा गळतीवरचा इलाज नव्हे.

मालाचा हिशेब स्वतः करता येतो. १२२० बाय १८० मिलिमीटरच्या दहा फळ्यांचे खोके २३.६ चौरस फुटांचे होते. १२० चौरस फुटांच्या खोलीला तुटीसाठी दहा टक्के धरून १३२ लागतात, म्हणजे सहा खोकी. सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर एकच आहे ना, हे बघावे. दुसऱ्या बॅचची छटा उजेडात लगेच उघडी पडते. उरलेल्या फळ्या परत करू नका, पुढेमागे एखादी बदलावी लागली तर तीच छटा बाजारात सापडत नाही. खोकी दोन दिवस आधी घरात आणून आडवी ठेवावीत. उन्हातल्या टेंपोतून उतरवून तासाभरात बसवलेली फळी थंड झाली की आखडते आणि सांधे उघडतात.

ओळींचे गणित सुरू करण्यापूर्वी मांडावे लागते. खोलीची रुंदी समजा १० फूट ९ इंच, म्हणजे ३२७७ मिलिमीटर. दोन्ही भिंतींजवळ ८-८ मिलिमीटरची मोकळी जागा सोडली की ३२६१ उरले. १८० च्या अठरा ओळींत ३२४० भरतात आणि शेवटच्या ओळीला २१ मिलिमीटरची चिंधी येते. ती अडकतही नाही आणि टिकतही नाही. त्यापेक्षा पहिली ओळ भिंतीकडच्या बाजूने कापून १०० मिलिमीटरची करावी. शेवटची ओळही मग १०१ ची होते आणि मधल्या सतरा अख्ख्या बसतात. हे पाच मिनिटांचे गणित न करणारा कारागीर पहिल्या ओळीतच ओळखू येतो.

बसवताना शेजारच्या ओळींतले आडवे सांधे किमान २० ते ३० सेंटिमीटर मागेपुढे हवेत. ठोकायचे ते ठोकळा लावून, तेही हलक्या हाताने. रबरी हातोडी थेट कडेवर मारली की जीभ चेपते. प्रत्येक सांध्यावरून नख फिरवावे, किंचित जरी खरवडले तरी ती फळी काढून पुन्हा अडकवावी. सरळ कापायला कटरने दोन-तीनदा रेघ ओढून फळी मोडायची. ग्राइंडरने प्लॅस्टिक वितळते आणि तिखट धूर होतो, बंद खोलीत तर तो अजिबात नको.

भिंतीजवळची मोकळी जागा ही आळशी कारागिराची चूक समजून काही घरमालक ती पांढऱ्या सिमेंटने भरून घेतात. कृपा करून तसे करू नका. लवचीक व्हिनाइल २० अंशांच्या फरकाने सहा मीटरला सुमारे ६ मिलिमीटर वाढू शकते. एसपीसी त्याहून कमी, पण वाढते. पश्चिमेच्या गॅलरीच्या काचेतून मे महिन्यातले ऊन तीन तास पडले की त्याला जागा लागते. ती मिळाली नाही तर मधोमध तंबू उभा राहतो. ही फट स्कर्टिंगखाली झाकावी आणि स्कर्टिंगचे खिळे भिंतीत जावेत, फळीत नव्हे. लाकडी चौकटीचा पाय फळीच्या जाडीएवढा कापून फळी आत सरकवता येते. न्हाणीघराच्या ग्रॅनाइटच्या चौकटीला तसे करता येत नाही, तिथे ६ ते ८ मिलिमीटर सोडून सिलिकॉन भरावे. न्हाणीतले पाणी आत शिरते ते याच दारातून. दरवाज्याचे पान खाली घासणार का, तेही ऑर्डर देण्यापूर्वी बघावे, नंतर सुताराची मजुरी वेगळी. भिंतीला ठोकलेली अवजड कपाटे आधी बसवून फळी त्यांच्यापर्यंत आणावी. कपाटाखाली चिमटलेली चटई सरकू शकत नाही, मग ती भलत्याच ठिकाणी फुगते.

चिकटवायच्या फळीबद्दल एवढेच की गोंद उत्पादकाने सांगितलेलाच वापरावा. काही कारागीर त्याऐवजी सनमायका चिकटवायचे रबरी सोल्युशन वापरतात, ते चूक. फळीतल्या मऊपणा देणाऱ्या द्रव्याने ते विरघळते आणि सांध्यांतून चिकट होऊन वर येते.

आपल्या घरांतल्या काही सवयींनाही थोडी मुरड घालावी लागेल. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, पायाखाली आली की ती पॉलिश पेपरचे काम करते. पाटावर किंवा ताटात काढावी. पणती, उदबत्ती, धूपदाणी यांच्याखाली धातूची किंवा दगडाची तबकडी हवी, कारण भाजलेला डाग पुसून जात नाही. फोडणीची कढई खाली टेकवायची नाही. रबरी पाठीचे पायपुसणे तर मुळीच नको. रबरातल्या रसायनाने फळीवर पिवळा-तपकिरी डाग पडतो, तो खालपर्यंत मुरतो आणि कशानेही निघत नाही. बादलीने धुणे, ॲसिड, रॉकेल, थिनर वर्ज्य. पिळलेल्या फडक्याने पुसावे, बस्स.

विक्रेत्यांकडे एकच मागणी आहे. बिलावर फळीची फोम वगळून जाडी, वेअर लेयर मिलिमीटरमध्ये, वापराचा वर्ग, बॅच नंबर आणि खोक्याचे क्षेत्रफळ लिहावे. फरशी सपाट करण्याचा खर्च भावात धरला आहे की नाही, हेही त्याच बिलावर लिहावे, आणि ते लिहिण्यासाठी आगाऊ रक्कम घेण्याआधी कोणीतरी दोन मीटरची पट्टी घेऊन घरी यावे. पट्टी न लावता सांगितलेल्या भावावर ग्राहकांनी पैसे देऊ नयेत. आपल्या वृत्तपत्रानेही या जाहिराती स्वीकारताना वेअर लेयरचा आकडा छापण्याचा आग्रह धरला, तर अर्धे काम तिथेच होईल.

आपला,
फ्लोअरिंगची कामे करणारा एक वाचक, ठाणे