काकांच्या किडनीबद्दल

प्रिय मन्या,

काल काकू शेजारी बसल्या होत्या म्हणून फोनवर जास्त बोललो नाही, पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना, की कॅन्सर रक्ताचा मग डॉक्टर सारखं किडनी किडनी का करतायत. आमच्या मामांना काकांसारखाच मायलोमा, म्हणजे बोन मॅरोतल्या (हाडातल्या मगजातल्या) पेशींचा कॅन्सर होता, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय.

काकांच्या बोन मॅरोतल्या ज्या प्लाझ्मा सेल्स (प्रतिकारशक्तीच्या पेशी) बिघडल्यात ना, त्या एकाच जातीचं प्रोटीन भसाभस बनवतात आणि त्याचे छोटे तुकडे म्हणजे लाइट चेन. थोड्याफार असल्या तर किडनी जिरवते, पण एवढा लोंढा आला की त्या बारीक नळ्यांमधे तिथल्याच एका प्रोटीनला चिकटतात, घट्ट गाठी होतात आणि मोरीच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबावं तसं होतं. वर हाडं झिजून रक्तात कॅल्शियम वाढतं, त्याने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं आणि मग गाठी अजूनच पटापट बनतात. रिपोर्टवर बेन्स जोन्स प्रोटीन लिहिलंय ते हेच.

मामांच्या लघवीच्या पट्टीवर प्रोटीन नुसतं 'ट्रेस' आलं होतं, सगळे निवांत. ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन नावाचं दुसरंच प्रोटीन पकडते रे, लाइट चेन तिला जवळपास दिसतच नाहीत. 24 तासांची लघवी कॅनमधे साठवून दिली तेव्हा खरा आकडा कळला.

पाठदुखीसाठी काका डायक्लोफिनॅक घेतात ना, त्या गोळ्या आजच्या आज कपाटातून काढ, आयबुप्रोफेन पण नको, दुखलं तर डॉक्टरांना विचारून दुसरं काही घ्या. सीटी स्कॅनला डाय (शिरेतून देतात ते रंगाचं औषध) द्यायची म्हणाले तर मायलोमा आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलंय हे आधी सांग. पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचार, लघवी कमी होत असेल तर जास्त पाणी अंगावर येतं.

आणि आधी किडनी सुधारू दे मग केमो बघू असं कोणी नातेवाईक म्हणाले तर प्लीज ऐकू नको. लाइट चेन लवकर खाली आल्या तरच किडनीला सावरायला वाव मिळतो, बोर्टेझोमिब हे मायलोमाचं औषध तर डायलिसिस चालू असताना पण देतात.

गुरुवारी येतोय, सीरम फ्री लाइट चेनचा (रक्तातल्या लाइट चेन मोजतात तो) रिपोर्ट काढून ठेव. डायलिसिस लागलं म्हणजे संपलं असं काकूंना वाटतंय, त्यांच्याशी मी बोलतो. सगळ्यांचं सुटत नाही हे खरंय, पण मामांचं सुटलं होतं.

तुझा,
सुन्या